खंडेनवमीच्या पाटावर

माझ्या सासऱ्यांच्या हातात कसब होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, सुनेला सासऱ्यात चांगलं कधी दिसलंय. कसब होतं. मिक्सरपासून पाण्याच्या पंपापर्यंत काहीही उघडायचे आणि पहिल्यापेक्षा बरं करून बंद करायचे. केंद्र सरकारच्या एका तांत्रिक खात्यात होते. बदलीवर कोलकात्याला आले, इथेच निवृत्त झाले आणि तिथल्याच बेहाला भागात फ्लॅट घेऊन राहिले. नागपूरकडे परत जायचं त्यांनी नावच काढलं नाही, कारण नागपूरला त्यांचा मेव्हणा होता.

हा मेव्हणा म्हणजे माझ्या सासूबाईंचा एकुलता एक मोठा भाऊ. शाळेत मास्तर होता. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी तो एकदा बहिणीकडे राहायला आला होता. निघताना दारात, शेजाऱ्यांसमोर, तो सासऱ्यांना म्हणाला, "माझ्या बहिणीला जरा हळू हाक मारत जा. ती बहिरी नाही." बस, एवढंच. दुसरा कुणी असता तर ओशाळून हसला असता. आमच्या सासऱ्यांनी ते वाक्य जपून ठेवलं, बायका लग्नातला शालू जपतात तसं. तेव्हापासून सासूबाईंचं माहेर बंद झालं. जाऊ नको असं ते कधीच म्हणाले नाहीत. दर वेळी जायच्या सुमाराला काहीतरी निघायचं. त्यांना ताप यायचा, घराला रंग द्यायचा असायचा, कुणीतरी जेवायला यायचं. सासूबाई मूग गिळून पिशवी परत कपाटात ठेवायच्या.

मग भावाला कॅन्सर निघाला. नागपूरहून वहिनीचा फोन आला, की आता फार दिवस नाहीत, तो सारखं तुमचंच नाव घेतो. सासूबाई त्या दिवशी जेवताना आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "मी नवमीच्या गाडीनं नागपूरला जातेय. सूनबाईनं तिकीट काढलंय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. माझ्या हातातला घास तसाच राहिला. कानाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सासूबाईंना विमान वर्ज्य केलं होतं, आणि पुजोच्या, म्हणजे इथल्या दुर्गापूजेच्या दिवसांत रेल्वेत दुसरी जागा शिल्लक नव्हती. म्हणजे ही एकच गाडी होती, संध्याकाळी हावड्याहून सुटणारी.

सासरे शांतपणे भात कालवत म्हणाले, "जा की. मीच सोडतो हावड्याला. टॅक्सीवाले नवमीला कुठले यायला बसलेत."

आम्हा दोघींना इतका आनंद झाला की त्यात काही काळंबेरं असेल हे डोक्यातच आलं नाही. सासूबाईंनी भावासाठी बेसनाचे लाडू केले. मी त्यांच्या गुडघ्यांना लावायचं तेल छोट्या बाटलीत भरून दिलं.

आमची गाडी जुनी, पुढच्या चाकांवर चालणारी. वळताना पुढून कटकट आवाज करायची. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे दोन दांडे असतात, डावा आणि उजवा. त्यांना एक्सल म्हणतात. त्यांच्या टोकांच्या सांध्यांवर रबराची टोपणं असतात. आमच्या गाडीची टोपणं फाटली होती, आतलं ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळा थर बसला होता, आणि सांधे कोरडे पडून वाजत होते. हे सगळं मला सासऱ्यांनीच समजावलं होतं. नवे एक्सल त्यांनी मागवून कधीचे त्यांच्या पलंगाखाली ठेवले होते. खोका आडवा येतो म्हणून सासूबाईंना झाडू मारता येत नव्हता. मधे कितीतरी रविवार मोकळे गेले. त्यांनी काम काढलं ते अष्टमीला सकाळी.

"उद्या एवढ्या लांब जायचं, भर गर्दीत," ते म्हणाले, "सांधा निसटला तर पुलावर अडकून बसाल. आज दोन्ही बदलून टाकतो."

नवरा त्या आठवड्यात कंपनीच्या कामाला बंगळुरूला गेला होता, म्हणून मदतीला मी. एक्सलचं टोक चाकाच्या मधोमध एका मोठ्या नटानं घट्ट धरलेलं असतं. तो नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो, आणि चाक फिरू नये म्हणून कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायचा. ते काम माझं. बाहेर सासरे पान्याला लांब पाइप लावून त्यावर सगळा भार टाकत होते.

"दाब. अजून दाब. पाय आहे की शेवग्याची शेंग?"

मी दाबत होते. नट करकरत सुटला. मग त्यांनी गाडी उचलून स्टँडवर ठेवली, चाकं काढली, खालचा सांधा सोडवला, चाकामागचा भाग बाजूला ओढून एक्सलचं टोक मोकळं केलं आणि दुसरं टोक पहारीनं गिअरबॉक्समधून उपटलं. खाली लावलेल्या परातीत गिअरचं तेल गळत राहिलं. आधी डावा, मग उजवा. गेटवरच्या दुर्गेच्या मंडपातून ढाक, म्हणजे बंगाली ढोल, वाजत होता आणि येणारेजाणारे शेजारी थांबून कौतुक करत होते, की मेशोमोशाई, म्हणजे काका, या वयातही काय काम करतात. दुपार झाली तेव्हा दोन्ही जुने एक्सल कापून ठेवलेल्या माशांसारखे वर्तमानपत्रावर पडले होते.

"नवे आता उद्या सकाळी चढवतो," हात पुसत ते म्हणाले. "पाठ भरून आली."

पाठ भरून येणारच. मी तर त्यांना बाम चोळायला दिला.

नवमीला सकाळी सासूबाई नेहमीसारख्या लवकर उठल्या. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते. शस्त्रं कुठली असणार, घरातली हत्यारं आणि अवजारं. पाटावर ती मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची, आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. अगदी भाजी चिरायची विळीसुद्धा पाटावर जाते, म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवलेली असते. सासऱ्यांनी पाट स्वतः मांडून दिला. पाने, सॉकेट, पहार, जॅकचा दांडा, टॉर्क पाना, सगळं पुसून चकचकीत. मधोमध पितळेची वाटी, आणि वाटीत चाकांचे ते दोन मोठे नट. सासूबाई सोवळ्यात, डोळ्यांवर चष्मा नाही, मनात नागपूर. त्यांनी एकेका अवजाराला हळदकुंकू लावलं आणि वाटीतल्या नटांवर दोन फुलं वाहिली. स्वतःच्या हातानं.

पूजा झाली, आरती झाली. मग त्यांनी गॅलरीत येऊन खाली पाहिलं. पार्किंगमध्ये गाडी चाकांशिवाय उभी होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "गाडी कधी लावताय?"

सासरे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. "आज कशी लावणार? अवजारं पाटावर आहेत."

सासूबाईंनी वळून पाटाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "तूच पूजा केलीस ना? उद्या दसरा. उद्या लावतो."

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी समोर पाहिलं. मला इतका संताप आला की मी तरातरा देवघरात गेले आणि पाटाकडे हात नेला. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून कुणाला तरी आणून नवे एक्सल बसवून घेता आले असते, निदान नट तरी हातात हवे होते. माझं मनगट कुणी धरलं असेल? सासूबाईंनी.

"पूजेतलं उचलायचं नाही," त्या म्हणाल्या.

"आई, मामा तिकडे…"

"उचलायचं नाही. आणि ते चढवतील गं. दुपारपर्यंत राग उतरेल. एवढे काही वाईट नाहीत ते."

मी गॅरेजवाल्याला फोन तरी केला. तो नवा पंजाबी कुर्ता घालून बायकोबरोबर बाहेर पडला होता. "बौदी, आज नबोमी! आज हात देबो ना," म्हणजे वहिनी, आज नवमी, आज कामाला हात लावणार नाही, असं हसत म्हणाला. त्यानं आपल्या हत्यारांची पूजा महिनाभर आधी विश्वकर्मा पुजोला उरकली होती. आता सगळ्या शहराला सुट्टी होती आणि त्यालाही. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "बाबांचं तत्त्व आहे ते. तू मध्ये पडू नकोस." माझा नवरा पगाराचं काम बरं करतो, बाकी सगळ्यात पाणी आहे.

सासूबाई दुपारपर्यंत थांबल्या. साडी नेसून, पिशवी पायाशी घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या, नवऱ्याचा राग उतरायची वाट पाहत. सासरे जेवले. वामकुक्षी केली. दगडाला पाझर फुटेल पण ह्यांना नाही, हे मला माहीत होतं आणि सासूबाईंना इतक्या वर्षांच्या संसारानंतरही माहीत नव्हतं. शेवटी मीच त्यांना हाताला धरून उठवलं.

तोवर गर्दी आवरायला रस्त्यावर आडवे बांबू लागले होते. ॲपवर गाडी ठरायची आणि रद्द व्हायची, पुन्हा ठरायची आणि पुन्हा रद्द. मेट्रोचं स्टेशन गाठेपर्यंत त्यांचे गुडघे गेले. शेवटच्या स्टेशनाला, माझेरहाटला, उतरलो तर बाहेर माणसांचा पूर. एक टॅक्सीवाला कसाबसा नदीकाठच्या बाबूघाटापर्यंत यायला तयार झाला. तिथून फेरीबोटीनं पलीकडे गेलं की समोरच हावडा स्टेशन. खिदिरपूरच्या आसपास टॅक्सी इतका वेळ एकाच जागी उभी होती की शेजारच्या मंडपातली अख्खी आरती आम्ही ऐकली. सासूबाई दर थोड्या वेळानं विचारायच्या, "मिळेल ना गं?" आणि मी म्हणायचे, "मिळेल."

फेरीत बसलो तेव्हाच मला कळलं होतं की मिळणार नाही. नदीच्या मधोमध असताना सासूबाईंनी स्वतःच घड्याळ पाहिलं. मग त्यांनी मांडीवरची पिशवी उघडली, भावासाठी केलेल्या लाडवांचा डबा काढला, एक मला दिला आणि एक स्वतः खाल्ला. पूर्ण खाल्ला, पोटात भूक असलेल्या माणसासारखा. "बेसन जरा जास्त भाजलं गेलं," एवढंच बोलल्या. पलीकडे उतरून आम्ही परतीच्या फेरीच्या रांगेत उभ्या राहिलो.

दसऱ्याला सासरे पहाटेपासून उत्साहात होते. पाटावरची अवजारं उचलली, नमस्कार केला आणि खाली उतरले. मला पुन्हा ब्रेकला बोलावलं. खोटं का सांगू, काम बघत राहावं असंच केलं त्यांनी. नव्या एक्सलचं टोक गिअरबॉक्समध्ये सरळ धरून एकच धक्का दिला, आतली कडी टक् करून बसली. नवं तेल भरलं, सांधे आवळले, चाकं चढवून गाडी खाली घेतली. आता मधला नट शेवटचा घट्ट करायचा होता. मी ब्रेकवर पाय रोवून बसले होते. तेवढ्यात सासूबाई जिना उतरून आल्या. हातात फोन होता.

"दादा गेला," त्या म्हणाल्या.

सासरे चाकाशी उकिडवे बसलेले. त्यांनी मान वर केली नाही. "नट बसेपर्यंत ब्रेक सोडू नकोस," ते मला म्हणाले.

मी सोडला नाही. नट पुरता आवळला की वाजणारा टॉर्क पाना खटकन वाजला, मग ते दुसऱ्या चाकाकडे गेले आणि तोही वाजला. मग त्यांनी छिन्नीनं नटाची कड खाचेत ठोकून बसवली, कारण ती ठोकावीच लागते, नाहीतर नट सैल होतो. सासूबाई तशाच उभ्या होत्या. मग सासरे गाडीत बसले, स्टिअरिंग पूर्ण वळवून आवारात एक गोल चक्कर मारली. आवाज नाही. पुन्हा उलटीकडे चक्कर. तरी आवाज नाही. बायकोसमोर येऊन त्यांनी काच खाली केली.

"गाडी तयार आहे," ते म्हणाले. "कुठं सोडू?"

"कुठेच नाही," सासूबाई म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

दुपारी ते श्रीखंड-पुरी जेवले. "भावाचं सुतक तुला," ते म्हणाले, "मला कसलं?" सुतकात असल्यामुळे सासूबाई वाढणार नव्हत्या, म्हणून मी वाढलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं.

यानंतर तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, गाडी पुसायला खाली जाताना सासरे जिन्यावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि वॉकर आला. कान त्याआधीच गेले होते. आता बहिरं कोण झालं होतं हे नागपूरच्या मास्तरला पाहायला मिळालं नाही, याची मला फार हळहळ वाटायची. चष्म्याशिवाय दिसायचं नाही, मशीनशिवाय ऐकू यायचं नाही, वॉकरशिवाय पलंगावरून उठता यायचं नाही. खाली गाडी मेणकापडाखाली उभी होती, तिचे एक्सल नवेच्या नवे.

सासूबाईंनी त्यांची सेवा इतकी चोख केली की मला त्यांचाच राग यायला लागला. वेळेवर औषध, मऊ भात, पायाला तेल. कधी चढा आवाज नाही. भावाचं नावसुद्धा नाही. मी मनात म्हणायचे, बाई आहे की पोतेरं? नवरा म्हणायचा, "बघ, आईनं मनात काही ठेवलं नाही." मलाही तसंच वाटत होतं.

मग खंडेनवमी आली.

मी उठून देवघरात गेले तर पाट मांडलेला होता. विळी होती, कात्री होती, सुरी होती. आणि मधोमध, पाटावर मावत नाही म्हणून दोन पाय जमिनीवर टेकवलेला, सासऱ्यांचा वॉकर. त्याच्या चारी पायांना हळदकुंकू, दांडीला झेंडूची माळ. समोर पितळेची तीच वाटी. वाटीत त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन, आणि त्यावर दोन फुलं.

सासूबाई समईची वात पुढे सारत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडून पाटाला नमस्कार केला आणि चहा ठेवायला गेले.

थोड्या वेळानं आतून हाक आली. "अगं, वॉकर कुठाय?"

सासूबाई त्यांच्या पलंगाशी गेल्या, कानाशी वाकल्या आणि मोठ्यानं, अगदी शेजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाल्या, "पाटावर. आज खंडेनवमी. आज हात लावायचा नाही."

ते आधी हसले. चेष्टा वाटली असणार. मग म्हणाले, "अगं, मला बाथरूमला जायचंय."

"उद्या दसरा," त्या म्हणाल्या. "उद्या देते."

माझा नवरा उठला. या खेपेला तो घरात होता. तो देवघराकडे निघाला तेव्हा मी दारात उभी राहिले. "आईंचं तत्त्व आहे ते," मी म्हणाले. "तू मध्ये पडू नकोस." तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग गॅलरीत जाऊन मंडपातला ढाक ऐकत बसला. हात धरून बापाला उठवणं त्याला जमलं असतं. त्यानं तेही केलं नाही.

सासऱ्यांनी दुपारच्या आत पलंग ओला केला. सासूबाईंनी त्यांना पुसलं, पावडर लावली, स्वच्छ लेंगा घातला, चादर बदलली, आणि मऊ भात भरवला. एक वाकडा शब्द नाही. संध्याकाळी पुन्हा तेच झालं, पुन्हा तितक्याच मायेनं तेच केलं. ते चाचपडत त्यांचा हात धरायला बघत होते. दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. ते रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं आणि मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं असंही वाटलं नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "नागपूरचं चुकलं. आता दे."

सासूबाई वाकल्या. "पूजेतलं उचलायचं नाही," त्यांच्या कानात त्या म्हणाल्या आणि त्यांचं पांघरूण नीट केलं.

दसऱ्याला सकाळी त्यांनी पाटाला नमस्कार करून सगळं उचललं. वॉकरचे पाय ओल्या फडक्यानं पुसले. चष्मा पदरानं पुसून त्यांच्या नाकावर ठेवला, मशीन कानात बसवलं आणि चालू झालं की नाही ते टिचकी वाजवून पाहिलं. इथे आपटा सहज मिळत नाही, आम्ही कांचनाचीच पानं आणतो. त्यातलं एक त्यांनी सासऱ्यांच्या तळहातावर ठेवलं, वाकून पायांना हात लावला आणि म्हणाल्या, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

मग वॉकर उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"वॉकर तयार आहे," त्या म्हणाल्या. "कुठं सोडू?"

सासऱ्यांनी ते पान मुठीत घट्ट धरलं, आणि कुठेच नाही अशी मान हलवली.